मदत हवी आहे: लग्नाच्या दिवसाचं टायमिंग फोटोंच्या हिशोबाने कसं बसवू? मुहूर्त १२.२१

सोनचाफा:

मंडळी, धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कराडला आहे आणि दिवसाचं सगळं टाइमटेबल माझ्याकडे आलंय. मुहूर्त दुपारी १२.२१ चा. कार्यालय आदल्या दिवशी दुपारी ३ पासून लग्नाच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत आपल्या ताब्यात, पाचला पुढच्या पार्टीचा डेकोरेटर आत शिरणार म्हणजे शिरणारच. मुलाकडचे नाशिकचे, एक बस आणि तीन-चार गाड्या, आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन. माणूस सहाशेच्या आसपास. लग्न लॉनवर, जेवण आत हॉलमध्ये.

आता मूळ दुखणं सांगते. माझं लग्न २०१८ ला झालं, अल्बम चांगला जाडजूड आहे पण त्यात माझे बाबा नाहीत. म्हणजे आहेत, मोजून चार ठिकाणी. एकात पाठमोरे आचाऱ्याशी बोलतायत, एकात कानाला फोन, पाठवणीच्या फोटोत डोळ्यांवर हात. आणि कन्यादानाच्या फोटोत मान खाली आणि फेटा डाव्या कानावर उतरलेला, कारण फेटेवाल्याने अख्ख्या वऱ्हाडाचे फेटे बांधून झाल्यावर बारा वाजता बाबांना उभ्या उभ्या घाईत बांधला होता. आई, बाबा, मी आणि बहीण असा चौघांचा एकसुद्धा फोटो नाही. फोटोग्राफरने तीनदा विचारलं होतं हो, पण प्रत्येक वेळी कोणीतरी गायब. बाबा भटारखान्यात तर आई मानपानाच्या साड्यांच्या बॅगेपाशी, मग जेवणं झाल्यावर काढू असं ठरलं आणि जेवणं झाल्यावर सासरच्यांची बस निघायची गडबड. आठ वर्षांनीही ते पान उघडलं की मला चैन पडत नाही. बहिणीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाहीये.

फोटोग्राफरने जो प्लॅन पाठवलाय त्यात सकाळी ६ ला मेकअप, ९ वाजता नवरा-नवरीचे एकत्र फोटो, पावणेअकराला गौरीहर, १२.२१ ला अक्षता, मग विधी, आणि फॅमिली फोटो दुपारी ३ ला. पण नऊचा जोडीचा फोटो आजीला मान्य नाही. अष्टपुत्री नेसल्यावर अंतरपाट निघेपर्यंत नवरदेवाने नवरीचं तोंड बघायचं नाही असं तिचं म्हणणं, आणि मला तिचं मन मोडायचं नाही. तीनला फॅमिली फोटो ठेवले तर पुन्हा माझ्याच लग्नासारखं होणार. त्यात आमच्या भागात अक्षतांच्या आधी माइकवर टॉवेल-टोपीचे सत्कार असतात, माझ्या वेळी त्यापायी मुहूर्त अर्धा तास पुढे गेला होता आणि पुढचं सगळं एकावर एक चेपलं गेलं. तर फॅमिली फोटो कधी घ्यावेत, जोडीचे कधी, आणि उघड्या लॉनवर भर दुपारी उजेडाचं काय करायचं? ज्यांनी नुकतं लग्न काढलंय किंवा जे हे काम करतात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

कॅमेरावाला_दादा:

ताई, सातारा-सांगली पट्ट्यात चौदा वर्षं लग्नं शूट करतोय म्हणून सांगतो, तुमच्या फोटोग्राफरचा प्लॅन उजेडाच्या हिशोबाने बरोबर आहे पण माणसांच्या हिशोबाने नाही. एक गोष्ट लक्षात घ्या, नवरीच्या घरच्यांचे फोटो काढायला नवरदेव लागतच नाही. आई-बाबा, तुम्ही, आजी, मामा-मामी, काका-आत्या हे सगळे सकाळी ९.४५ ते १०.३० मध्ये उरका, गौरीहराच्या आधी, नवरी पिवळ्या साडीत फ्रेश असते तेव्हा. त्याच वेळी दुसऱ्या फोटोग्राफरने नवरदेवाच्या खोलीकडे त्यांच्या घरचे उरकायचे. आजींचा नियमही पाळला जातो. माझा अनुभव असा की माणसं समोर उभी असतील तर एका ग्रुपला दोन-तीन मिनिटं लागतात, शोधून आणायची असतील तर दहा. म्हणजे कागदावर पंधरा ग्रुप लिहा आणि घरच्या सगळ्यांना नावानिशी ओळखणारा एक मुलगा आमच्यासोबत द्या, आम्हाला तुमचे मेव्हणे कोण आणि मावसभाऊ कोण हे कळत नाही.

उजेडाचं म्हणाल तर डिसेंबरात दुपारी बारालाही ऊन डोक्यावर नसतं, दक्षिणेकडून तिरपं येतं. त्यामुळे स्टेजचं तोंड कुठे आहे ते बघा. दक्षिणेला असेल तर दोघांच्या तोंडावर छान उजेड येतो, उत्तरेला असेल तर ऊन पाठीमागून आणि चेहरे काळे. लग्नाच्या आठवडाभर आधी बरोबर १२.२१ ला तिथे कुणाला तरी उभं करा आणि मोबाइलवर फोटो काढून बघा, लगेच कळेल. मंडपाच्या छताला पांढरं कापडच सांगा, लाल-गुलाबी लावलं की ऊन त्यातून गाळून येतं आणि सगळी माणसं लाल दिसतात, ते नंतर एडिटिंगमध्ये पण नीट जात नाही. आणि स्टेजवरचे निळे-जांभळे लाइट अक्षतांपासून सप्तपदीपर्यंत बंद ठेवायला लावा, निळ्या लाइटमध्ये पिवळी साडी मळकट हिरवी दिसते.

नंदा_मावशी:

बाळा, मी दोन मुलींची लग्नं केली. तुझे बाबा भटारखान्यात का होते, तर तिथे जायला दुसरं कोणी ठरवलेलं नव्हतं. टाइमटेबलमध्ये वेळेपुढे विधी लिहितेस तसं माणूसपण लिही. आचारी आणि पंगत एका काकांकडे, पैशाची पाकिटं आणि खोल्यांच्या चाव्या तुझ्या नवऱ्याकडे, मानपानाच्या साड्या नावाच्या चिठ्ठ्या लावून मामीकडे, आणि हे आठ दिवस आधी घरी सगळ्यांसमोर सांगायचं. सकाळी नुसतं बाबा तुम्ही बसा म्हणून कोणी बसत नाही गं. आणि नवरीला गौरीहराच्या आधी दोन घास खायला घाल, उपाशी पोरीचे फोटो तसेच येतात.

कृष्णाकाठ:

आमच्याकडे मागच्या वर्षी सत्कार पूर्ण बंद केले आणि पत्रिकेतच छापलं, कोणी रुसलं नाही. तुमच्याकडे बंद करणं जमत नसेल तर जेवणाच्या वेळी हॉलमध्ये करा. गुरुजींना आधीच विचारा की मंगलाष्टकं किती म्हणणार, कारण शेवटचं मुहूर्तावर संपायला हवं आणि घरच्या दोन आत्या स्वतःची म्हणणार असतील तर तेवढं आधी सुरू करावं लागतं. आणखी एक, अंतरपाट निघतो त्या क्षणी मित्रमंडळी मोबाइल घेऊन मध्ये घुसतात. स्टेजवर मामा, करवल्या आणि आई-वडील सोडून कोणी नको, बाकीच्यांनी खालूनच अक्षता टाकायच्या हे माइकवरून दोनदा सांगायला लावा.

जोडीच्या फोटोंसाठी आदली संध्याकाळ बघा की, प्रीतिसंगमावर. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, ५ ते ५.४५ ला कृष्णा-कोयनेच्या पाण्यावर मस्त उजेड असतो. फक्त यशवंतरावांच्या समाधीच्या बाजूला संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, तर घाटावर जरा लांब उभे राहा.

सोनचाफा:

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री बसून पुन्हा सगळं लिहून काढलं. नाशिकच्या वहिनींशी बोलले, त्यांची बस पहाटे साडेपाचला निघेल आणि नवरदेवाची गाडी त्याहून तासभर आधी, म्हणजे तो तीनपर्यंत पोचेल आणि पाच वाजता दोघं घाटावर. आजीला विचारलं, ती म्हणाली आदल्या दिवशी चालतंय, तेव्हा अष्टपुत्री कुठे नेसलीय. घरचे फोटो सकाळी पावणेदहाला. पंधरा म्हणता म्हणता एकोणीस ग्रुप झालेत पण पहिला आम्हा चौघांचा आहे आणि तो झाल्याशिवाय यादीतलं दुसरं नाव पुकारायचं नाही असं भाच्याला बजावलंय. आचाऱ्याची जबाबदारी संजूकाकांनी घेतली. स्टेजचं तोंड नेमकं उत्तरेला निघालं, डेकोरेटर म्हणतो फिरवता येईल पण मग खुर्च्यांवर बसलेल्यांच्या डोक्यावर पाठीमागून ऊन येईल, तर तिकडे कापड वाढवायला किती खर्च येतो हे कोणाला माहीत असेल तर सांगा.

सत्कारांचं अजून बाबांशी बोलायचंय, तो विषय नाजूक आहे, मामांना मध्ये घालते. फेटेवाल्याला मात्र आजच फोन करून साडेआठची वेळ दिली. पहिला फेटा बाबांचा, खुर्चीवर बसवून, आरसा समोर ठेवून.