बेचाळीसच्या पुढे : अल्ट्राच्या तयारीचे अनुभव लिहा

पळण्याच्या शर्यतींत मॅरेथॉनच्या ४२.२ किलोमीटरच्या पुढचं काहीही अल्ट्रा. मॅरेथॉनच्या तयारीबद्दल पोतंभर मजकूर मिळतो, पण नोकरी, मुलं आणि लोकलचं वेळापत्रक सांभाळून लोक अल्ट्राची तयारी कशी करतात, हे फारसं कुणी सांगत नाही. तक्ते नकोत. काय चुकलं ते लिहा. सुरुवात मीच करतो.

धागाकर्ता, सातारा

कॉम्रेड्स. दक्षिण आफ्रिकेत दरबान आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये १९२१ पासून चालत आलेली शर्यत. अंतर नव्वदच्या आसपास, मुदत १२ तास. पात्रतेसाठी पूर्ण मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत लागते. दिशा बदलत असते, कधी चढाची तर कधी उताराची. मी उताराचं वर्ष धरलं. म्हटलं, उतारच तर आहे! तिथेच माती खाल्ली.

सहा महिने यवतेश्वरचा घाट चढलो, पार कासपर्यंत. आणि दर वेळी खाली यायला मित्राची गाडी. गुडघे जपतोय, असं वाटत होतं. प्रत्यक्षात मांड्यांना उताराची ओळखच नव्हती. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात आणि त्यांची खरी झीज तिथे होते. पाइनटाउनच्या आधी फील्ड्स हिल नावाचा तीनेक किलोमीटरचा उतार आहे. तो संपेपर्यंत माझे पाय लाकूड झाले होते. पुढच्या कटऑफला (ठरलेल्या वेळेत गाठायच्या टप्प्याला) अडवलं आणि बसमध्ये बसवलं. त्या बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

परत आल्यावर उलटं केलं : गाडीने वर, पळत खाली. पहिल्या रविवारी फक्त दोन किलोमीटर, तरी दोन दिवस जिना कठडा धरून उतरत होतो. हळूहळू वाढवत बारावर नेलं. पुढच्या खेपेला ११ तास ४१ मिनिटांत पोहोचलो.

डोंबिवली, वय ४३

माझी तयारी सासूबाईंच्या उपवासाच्या डब्यावर झाली. १५ ऑगस्टला शिवाजी पार्कला बारा तासांची मुंबई अल्ट्रा असते, तिच्यासाठी पळत होते. बाजारातली एनर्जी जेलं (पळताना खायची गोड, चिकट पाकिटं) घेतली की तासाभरात पोटात ढवळायचं. एका आषाढी एकादशीला घरात उकडलेलं रताळं होतं, तेच मीठ लावून पिशवीत टाकलं आणि २८ किलोमीटर झाले तरी पोट गप्प! मग राजगिऱ्याचे लाडू, खजूर, मीठ-जिऱ्याचा बटाटा. सासूबाई म्हणायच्या, "उपवास एक धरत नाहीस आणि उपवासाचं सगळं खातेस."

वेळेचं म्हणाल तर सव्वातीनला उठायचं. शनिवारी ३०, रविवारी दुखऱ्या पायांनी २०. एकदम पन्नास पळण्यापेक्षा हे बरं. साडेसातला घरात, कारण मुलीचा क्लास.

एक चूक मात्र गंभीर होती. घाम फार येतो म्हणून सरावात मी साधं पाणीच ढोसत राहिले. पाचव्या तासाला बोटं सुजली, अंगठी निघेना, मळमळायला लागलं. बरोबर पळणाऱ्या डॉक्टर ताईंनी बाटलीच काढून घेतली. नुसतं पाणी जास्त झालं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं, हे तेव्हा कळलं. आता लांब पळण्याआधी आणि नंतर वजन करते. नंतरचं वजन जास्त भरलं, तर पाणी अती झालं.

पुणे

सिंहगड-राजगड-तोरणा, डोंगरवाटेची अल्ट्रा. रस्त्यावर पळणाऱ्यांनी इथे वेगाचा हिशोब घरी ठेवून यावा. तोरण्याच्या चढावर तासाला तीन किलोमीटर निघाले तरी मी खूश असतो.

सराव म्हणजे पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड, एका दमात तीन वेळा वर-खाली. तिसऱ्या फेरीला दहीवाल्या मावशींनी विचारलं, "दादा, वर काही विसरताय का सारखं?" बूट अर्धा नंबर मोठा घ्या. माझी दोन नखं मुरमाच्या उतारावर गेली ती गेलीच.

ठाणे

व्हॅसलीन. काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात. लाजू नका. पहिल्या अल्ट्रानंतरची आंघोळ आठवली की अजून कळ येते.

नागपूर, वय ५१

लडाखमधली खारदुंग ला खिंडीची शर्यत, ७२ किमी. खारदुंग गावातून सुरू, खिंड ओलांडून लेहला उतरायचं. खिंडीची उंची ५,३५९ मीटर. नागपुरात चढ म्हणजे उड्डाणपूल. मी एकाच पुलावर रात्री चाळीस-चाळीस फेऱ्या मारत असे. गस्तीच्या पोलिसाने दोनदा थांबवलं, तिसऱ्यांदा चहा दिला.

पाय तयार झाले. फुप्फुसांचं काही इथे होणार नव्हतं, म्हणून दोन आठवडे रजा काढून आधीच लेहला गेलो. पहिले दोन दिवस फक्त झोप आणि गल्लीतून चक्कर. तिसऱ्या दिवशी उत्साहात पाच किलोमीटर पळालो, तर रात्रभर डोकं ठणकलं. शर्यतीत खिंडीपर्यंत मी जवळजवळ चाललोच. जोरात चालणं हा अल्ट्राचा अर्धा सराव आहे आणि आपण तो करत नाही, कारण चालताना कुणी बघितलं तर कमीपणा वाटतो. मला वाटायचा. पाण्याच्या पिशवीची नळी पहाटे गोठली. प्रत्येक घोटानंतर उरलेलं पाणी फुंकून परत पिशवीत ढकलायचं असतं, हे शेजारच्या लडाखी मुलाने खुणेने दाखवलं.

धागाकर्ता, सातारा

डोंबिवलीकर ताई, एक विचारायचं होतं. सत्तर किलोमीटरनंतर राजगिऱ्याचा लाडू गिळला जातो? माझ्या तोंडाला तेव्हा पाणीच सुटत नाही.

डोंबिवली

नाही हो. पन्नासनंतर लाडू तोंडात नुसता फिरत राहतो. तेव्हा रताळंच, तेही आदल्या रात्री थोड्या ताकात कुस्करून ठेवलेलं.