मदत हवी: मोठ्यांचा खर्रा लहान पोरांच्या हातून मागवणं गावात कसं बंद करावं?

पऱ्हाटी:

मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहीत आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, यात घरचीच माणसं आहेत. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. शाळा आठवीपर्यंत.

प्रश्न खर्ऱ्याचा आहे. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून घोटतात आणि तो ओलसर चुरा दिवसभर गालात धरतात. आमच्याकडे सहावी-सातवीची पोट्टी खाऊ लागली आहेत. वीस रुपयांचा खर्रा तिघं मिळून वर्गणीत घेतात. गुरुजी फळ्याकडे वळले की पन्नी बाकाखालून पुढे सरकते. मुतारीमागची भिंत पाहवत नाही. गुरुजींना सगळं माहीत आहे, पण त्यातले एक स्वतःच खातात, ते काय बोलणार?

कार्यक्रम झाले नाहीत असं नाही. तंबाखूविरोधी दिवस 31 मेला येतो, तेव्हा आमच्या शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या, म्हणून शपथ जूनअखेर शाळा उघडल्यावर उरकतात. कॅन्सरच्या तोंडांचे फोटो दाखवले. पोरं दोन दिवस दबकली, मग पुन्हा तेच. कंपनीच्या पुडीवर निदान फोटो तरी असतो. घोटलेल्या पन्नीवर काहीच नसतं, वर नुसतं रबर.

मला जे दिसतं ते असं. पोरं खर्रा शिकतात ती मोठ्यांसाठी आणायला जाता-जाता. बाप बैल सोडता-सोडता म्हणतो, "जा बे, ठेल्यावरून एक घोटून आन, माह्या नावावर लिहाले सांग." पोट्टा जातो, उभा राहून घोटताना पाहतो, परत येताना रबर काढतो, चिमूटभर तोंडात टाकतो आणि रबर पुन्हा लावून बापाच्या हातात देतो. कोण मोजून पाहतो? पुढे धीर चेपला की बापाच्या उधारीच्या वहीवर एक जास्तीचा लिहिला जातो. महिनाअखेर हिशेब चुकला की भांडण ठेलेवाल्याशी होतं, पोराकडे कोणाचं लक्षही जात नाही. आजोबा, काका, शेजारी, सगळ्यांची हीच रीत. पाहुणा आला तरी पोरालाच पिटाळतात.

आता अडचण. शाळेच्या फाटकासमोरचा पानठेला माझ्या चुलत भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या चुलत भावाचा आहे. दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन झालं तर झालं, घर ठेल्यावर चालतं. मी समितीच्या बैठकीत विषय काढला तर निरोप माझ्या मालकांमार्फत आला: "तुह्या बायकोले सांग, माह्या पोटावर पाय नको देऊ म्हना." बोलणं तेव्हापासून तुटक आहे. बसस्टँडवर आणखी एक ठेला आहे आणि एक किराणावाला घरातूनच विकतो. यांचा बंद केला तर त्या दोघांचं फावेल, असं भासरे म्हणतात, आणि ते खोटंही नाही.

तर ज्यांच्या गावात काही जमलं असेल त्यांनी सांगा. पोलिसांत न जाता ठेला शाळेसमोरून हलवता येतो का? कायदा नेमका काय म्हणतो? ज्या पोरांना सवय लागली आहे त्यांचं काय करायचं? आणि मुख्य म्हणजे बापांना कसं सांगावं की स्वतःचा खर्रा स्वतः आणा? मी बाई माणूस, पारावर जाऊन बोलू शकत नाही.

धानपट्टा:

ताई, मी गडचिरोलीचा. आमच्याकडे दारू-तंबाखूविरोधी मुक्तिपथ अभियान 2016 पासून सुरू आहे, सर्च ही संस्था, टाटा ट्रस्ट आणि शासन मिळून. त्यामुळे थोडं बघितलेलं सांगतो.

कायदा आधी. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम 6: अठरा वर्षांखालच्याला विक्री बंद आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरमध्ये, विक्री बंद. अंतर शाळेच्या कुंपणापासून सरळ रेषेत मोजायचं. "रस्त्यानं वळसा घालून आलं तर लांब पडते" हे चालत नाही. दंड मात्र फक्त 200 रुपयांपर्यंत, तो भरून लोक पुन्हा विकतात. खरी धार बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 77 ला आहे. मुलाला तंबाखूचा पदार्थ दिला तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. त्यात "बापासाठी नेतो म्हणाला" अशी सूट लिहिलेली नाही. बहुतेक ठेलेवाल्यांना 200 रुपये माहीत असतात, हे माहीत नसतं. शिवाय सुगंधित तंबाखू आणि गुटखा राज्यात 2012-13 पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली बंद आहेत. खर्ऱ्यात कोणता तंबाखू पडतो ते तुम्हाला माहीतच आहे.

पण हे भासऱ्यांना धमकी म्हणून सांगू नका. तिन्ही विकणाऱ्यांना एकत्र बोलवा, सरपंच आणि पोलीस पाटील समोर ठेवा, आणि मागणी एकच ठेवा: पोराच्या हातात द्यायचा नाही, वहीवरही नाही, रोखही नाही. विक्री बंद करा म्हटलं की तिघं एक होतात. पोराला देऊ नका म्हटलं तर चारचौघांत "देईन" कोण म्हणणार? आणि तिघांवर एकच नियम आला की दुसऱ्याचं फावण्याचा प्रश्नच उरत नाही. ठेला हलवायचं त्यानंतर. बसस्टँडकडे ग्रामपंचायतीची जागा असेल तर भासऱ्यांना तिथे द्यायला लावा, चहा-फराळ, रिचार्ज असं काही जोडून. उठवलेला माणूस वैरी होतो, जागा मिळवून दिलेला होत नाही.

टेकाडावरचा:

हे सगळं कागदावर छान. आमच्या गावात ठराव झाला, फोटो निघाला, सरपंचाच्या भावानंच पुढच्या आठवड्यात ठेला टाकला. तक्रारीशिवाय काही होत नाही. झालं.

धानपट्टा:

@टेकाडावरचा, नुसता ठराव टिकत नाही हे खरं. आमच्याकडे टिकला तिथे बचत गटाच्या बाया दर आठवड्याला ठेल्यावर चक्कर मारत होत्या. तक्रारही करावी लागते, पण दुसऱ्यांदा मोडल्यावर. पहिल्याच दिवशी केली तर गाव तक्रार करणाऱ्याच्याच विरोधात जातं.

दंतवैद्य_नागपूर:

सवय लागलेल्या मुलांबद्दल लिहिते. खर्ऱ्यात दोन व्यसनं एकत्र असतात, तंबाखूतलं निकोटिन आणि सुपारी. पालकांना सुपारी निरुपद्रवी वाटते. तसं नाही, ती स्वतःच कर्करोगकारक ठरलेली आहे आणि गालाचं आतलं कातडं आखडतं ते मुख्यतः तिच्यामुळे. घरी तपासायचं असेल तर मुलाला स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका उभी करून समोरच्या दातांत धरायला सांगा. तीन बोटं जात नसतील, किंवा जेवताना तिखट लागलं की तोंडाची आग होत असेल, गालात पांढरट पट्टे दिसत असतील, तर थांबू नका. आमच्याकडे विशीतली मुलं येतात, तक्रार काय, तर पाणीपुरी तोंडात मावत नाही. आखडलेलं तोंड पूर्वीसारखं होणं अवघड असतं, पण वेळीच सोडलं तर वाढ थांबू शकते. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात दाखवता येईल. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना तोंड तपासायला आवर्जून सांगा, नाहीतर वजन-उंचीवर भागवतात.

सोडताना पहिले दोन-चार आठवडे चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, पोट साफ होत नाही. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "पोरगं बिघडलं" म्हणून मारतात आणि पोरगं परत ठेल्यावर. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरती खिशात सोप (बडीशेप), लवंग किंवा भाजलेलं जवस असावं. निकोटिनचं गम मुलांना मनाने देऊ नका. 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरांसाठी मैत्री क्लिनिक असेल तर तिथेही न्या.

खडूफळा:

मी शिक्षक, बुलढाण्याकडचा. दप्तरं तपासून परिपाठात पोरांना उभं करू नका. आमच्याकडे केलं होतं, सापडलेली पोरं वर्गात हिरो झाली आणि न सापडलेली हुशार. कबड्डीच्या पोरांना हाताशी धरा. दम टिकत नाही हे त्यांना कॅन्सरपेक्षा लवकर पटतं, कॅन्सर त्यांच्या लेखी म्हाताऱ्यांचा.

आणि पऱ्हाटीताई, तुमचं निरीक्षण आकड्यांनाही धरून आहे. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातली 13 ते 15 वयाची 8.5 टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरत होती, आणि चघळण्याचा तंबाखू खाणाऱ्यांपैकी 52 टक्क्यांनी वयाच्या दहा वर्षांच्या आत सुरुवात केली होती. म्हणजे तिसरी-चौथी. सहावीत व्याख्यान ठेवणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. पहिलीच्या पालकसभेपासून बापांना सांगा. पारावर तुम्ही कशाला जाता, पारच शाळेत आणा. आमच्याकडे आईच्या सभेला गर्दी आणि बापाच्या सभेला चिटपाखरू नाही, म्हणून तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, सभा लावली. त्या दिवशी पोराचा नंदी सजवून बाप स्वतः येतो.

पऱ्हाटी:

सगळ्यांचे आभार. पोराच्या हातात द्यायचा नाही, एवढ्यापुरतंच बोलायचं, हे मला सुचलं नव्हतं. मालकांशी बोलले, ते भासऱ्यांना सांगायला तयार आहेत, जागेची गोष्ट काढूनच. तीन बोटांचं घरी करून पाहिलं. माझ्या लेकाची गेली. पुतण्याची दोनच जातात. त्याला पुढच्या आठवड्यात नागपूरला नेतो आहोत.

एक राहिलं. कापूस वेचायला बाया येतात, त्यांना वावरात खर्रा पुरवावा लागतो. नाही दिला तर दुसऱ्याच्या वावरात जातात. तो आणायलाही पोरालाच पाठवतात, सुट्टीच्या दिवशी तर हमखास. यावर कोणी काही केलंय का?

धानपट्टा:

एकट्यानं बंद केला तर मजूर तुटतात, ते खरं. सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून तेवढे पैसे मजुरीत रोख धरायचे, ज्याला खायचा त्यानं सकाळी येतानाच घेऊन यावा. हे दिवाळीआधी ठरलं पाहिजे, वेचणी लागली की कोणी ऐकत नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन्ही विषय घ्या, पण ग्रामसेवकाला आधी लेखी द्या आणि पोच घ्या, नाहीतर विषयपत्रिकेत येत नाही.

पऱ्हाटी:

अर्ज उद्याच लिहिते. नमुना कोणाकडे असेल तर टाका.