एक्सपोर्ट लावला की पीसी अडकतो, कधी धाडकन रिस्टार्ट होतो. गरम होतोय की एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेलाय?

अकोला_एडिटर
मंडळी मदत करा, लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो घरूनच आणि सध्या सीझन आहे त्यामुळे पीसी बंद ठेवून चालत नाही. आय५ ९४००एफ, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर, एसएसडी. साडेचार वर्षं झाली. सकाळी व्यवस्थित चालतो पण दुपारी एक्सपोर्ट (एडिट झालेल्याची फायनल व्हिडिओ फाइल बनवणं) लावला की १०-१५ मिनिटांनी माऊससुद्धा अडकत अडकत सरकतो, टाइमलाइन तर हलतच नाही. आणि आठवड्यातून दोन-तीनदा एकदम काळा स्क्रीन होऊन रिस्टार्ट होतो, ब्लू स्क्रीन वगैरे काही नाही. दुकानवाला म्हणतो रॅम ३२ कर. विंडोज नवीन टाकून झालं, फरक शून्य. इकडे आत्ता ४४ डिग्री आहे, खोलीत कूलर आहे.

सोल्डरवाला
रॅमचे पैसे आत्ता खर्च करू नकोस भाऊ. रॅम कमी असती तर सकाळीही त्रास झाला असता. आधी एचडब्ल्यूइन्फो टाक (तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर), फक्त सेन्सर उघड, एक्सपोर्ट लाव आणि वीस मिनिटं तीन गोष्टी बघ: सीपीयूचं तापमान, क्लॉक म्हणजे त्याचा वेग, आणि थर्मल थ्रॉटलिंगसमोर येस येतंय का. हा सीपीयू १०० डिग्रीला पोचला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, मग सगळंच रांगायला लागतं.
कॅबिनेट शेवटचं कधी उघडलं होतंस?

अकोला_एडिटर
कॅबिनेट दिवाळीत उघडलं होतं, वरवर ब्रश मारला. आत्ता बघितलं, सुरुवातीला ३.९ गिगाहर्ट्झ आणि ८८ डिग्री, बारा मिनिटांनी ९९-१०० आणि क्लॉक २.२ वर, थ्रॉटलिंग येस. ग्राफिक्स कार्ड ७६ च्या वर गेलं नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदींमध्ये) कर्नल-पॉवर ४१ ही एरर चार वेळा आहे, म्हणजे पॉवर सप्लायच ना?

सोल्डरवाला
४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन गेली. कारण त्यात लिहिलेलं नसतं, लाईट गेली तरी तोच येतो.
लॅगचं कारण मात्र सापडलं. आता सीपीयूवरचा कूलर बघ. सीपीयूसोबत आलेला असेल तर त्याला चार प्लास्टिकच्या पुश पिन असतात, त्यातली एखादी बोर्डातून सुटलेली सापडते, मी कितीतरी वेळा पाहिलंय. एक कोपरा वर आला की सीपीयू आणि कूलरमधली थर्मल पेस्ट कितीही चांगली असो उपयोग नाही. तो काढलास तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन वाटाण्याएवढी लाव. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, भन्नाट फिरवू नकोस, बेअरिंग जातं.

नाईटशिफ्ट_चंद्रपूर
खोलीतल्या कूलरबद्दल सांगायचं होतं. त्याची हवा थेट कॅबिनेटवर येत असेल तर जागा बदला, ती हवा ओलसर असते आणि धूळ आत चिकटून बसते, ब्रशने निघत नाही. माझ्या हीटसिंकमध्ये (सीपीयू कूलरच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) अक्षरशः नमद्यासारखा थर निघाला होता. आणि कॅबिनेट भिंतीपासून जरा लांब ठेवा, मागून गरम हवा निघायला वाट हवी.

मल्टीमीटर_काका
रिस्टार्टचा आजार वेगळा आहे, त्याला लॅगबरोबर जोडू नका. एसएमपीएस कमी पडला तर सहसा पीसी हळू होत नाही, सरळ जातो. बाजूची झाकणी उघडून एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा, वर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॅटकडे बघू नका. अँपिअर गुणिले १२ हा खरा आकडा. तुमचा सीपीयू ६५ वॅटचा म्हणतात पण टर्बोत (वाढीव वेगात) त्याहून जास्त घेतो, कार्ड १२५, वर पंखे, डिस्क, बोर्ड. एक्सपोर्टमध्ये सीपीयू आणि कार्ड एकदम ओढतात, तिथेच कमकुवत सप्लाय मान टाकतो. यूपीएस असेल तर एकदा तो काढून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून बघा, कधी कधी दोष यूपीएसच्या बॅटरीचा निघतो. आणि एक विनंती, एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल इतका चार्ज राहतो.

अकोला_एडिटर
काका १७ अँपिअर लिहिलंय!! म्हणजे २०४ वॅट. कॅबिनेटसोबत आला होता हा. यूपीएस काढून बघितलं तरी काल संध्याकाळी रिस्टार्ट झालाच.
आणि सोल्डरवाला भाऊ, खालच्या कोपऱ्यातली पिन खरंच अर्धी बाहेर होती, हाताने हलत होती. पेस्ट तर खडूसारखी भुगा झालेली. बसवून झाली, त्याच एक्सपोर्टला आता ७९ च्या वर जात नाही आणि क्लॉक ३.९ ला टिकून आहे, माऊस मोकळा झाला, खरंच खूप आभार. आता एसएमपीएस कितीचा घेऊ?

मल्टीमीटर_काका
ह्या मशीनला चांगल्या कंपनीचा ५५० वॅट भरपूर झाला. ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचं रेटिंग), १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या आसपास, आणि कार्डासाठी त्याचीच ८ पिनची वायर हवी, मोलेक्सचं (जुन्या चार पिनच्या प्लगचं) जोडकाम नको. वॉरंटी पाच वर्षं मिळाली तर उत्तम. बिल जपून ठेवा.

अकोला_एडिटर
कालच बसवला. आज दुपारी दोन वाजता, भर उन्हात, तीन तासांचं लग्न एक्सपोर्टला लावलं, पूर्ण निघालं. पेनड्राइव्ह पार्टीला देऊन आलो.