बँकॉकमध्ये तीन दिवस: मुक्काम नदीकाठी करावा की सुखुमवितला?

प्रश्न: नवप्रवासी

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, पत्नी आणि माझे आई-वडील असे चौघे बँकॉकला जाणार आहोत. गुरुवारी दुपारी सुवर्णभूमी विमानतळावर उतरू आणि सोमवारी सकाळी परत निघू. म्हणजे हाताशी पूर्ण दिवस तीनच आहेत: शुक्रवार, शनिवार आणि रविवार. वडील सत्तरीला आले असले तरी चालायला खंबीर आहेत. आईचे गुडघे मात्र दुखतात, त्यामुळे उंच पायऱ्या चढणे आणि जमिनीवर मांडी घालून बसणे तिला जमत नाही. दोघेही शाकाहारी आहेत.

वाचून वाचून मी जी यादी केली आहे तीत राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण ही मंदिरे (थायी भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर), सोन्याची बुद्धमूर्ती, चतुचकचा बाजार, दाम्नोएन सदुआकचा तरंगता बाजार आणि अयुथया ही जुनी राजधानी एवढे सगळे आले आहे, आणि आता ती यादी मलाच जड वाटू लागली आहे. माझे मुख्य प्रश्न दोन आहेत. मुक्काम चाओ फ्राया नदीच्या काठी करावा की सुखुमवित भागात, जिथे हॉटेले पुष्कळ आहेत आणि उन्नत रेल्वे दाराशी आहे? आणि आई-वडिलांची दमछाक न होता या तीन दिवसांत नेमके काय पाहावे? ज्यांनी वयस्कर माणसांना सोबत घेऊन हे शहर पाहिले आहे त्यांच्या अनुभवाचा मला विशेष उपयोग होईल.

उत्तर: काठावरून

यादीतली दोन नावे आधी खोडावीत असे मी सुचवेन. दाम्नोएन सदुआक शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि अयुथया उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर. तीन दिवसांतले दोन दिवस येण्याजाण्यात घालवले तर ज्या शहरासाठी आपण येणार तेच पाहायचे राहून जाईल.

मुक्कामाविषयी माझे मत ठाम आहे: नदीकाठी राहावे, आणि शक्यतो साथोर्नच्या धक्क्याजवळ. हा धक्का उन्नत रेल्वेच्या सफान ताक्सिन स्थानकाच्या अगदी खाली आहे, त्यामुळे नदी आणि रेल्वे दोन्ही हाताशी राहतात. तिथून नारिंगी झेंड्याची प्रवासी बोट उत्तरेकडे जाते. ता तिएन धक्क्यावर उतरले की वाट फो, त्यापुढच्या ता चांगवर उतरले की राजवाडा, आणि ता तिएनहूनच पैलतीराला जाणाऱ्या छोट्या बोटीत बसले की काही मिनिटांत वाट अरुण. सुखुमवितहून हाच प्रवास टॅक्सीने करायचा म्हटले तर सकाळच्या गर्दीत तास-दीड तास सहज जातो, आणि तो वेळ आपण एखाद्या सिग्नलपाशी बसून काढलेला असतो.

नदीकाठी राहा असे म्हणण्याचे खरे कारण मात्र सोयीपेक्षा वेगळे आहे. हे शहर नदीने घडवलेले आहे आणि ते नदीवरूनच उलगडते. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथया उद्ध्वस्त केल्यावर राजा ताक्सिनने पश्चिम काठावर थोनबुरीला राजधानी वसवली. १७८२ मध्ये ‘पहिला राम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजाने ती समोरच्या पूर्व काठावर हलवली, आणि आपण पाहणार तो राजवाडा त्याच वर्षी सुरू झाला. त्याहून मला विलक्षण वाटते ते हे की वाट अरुणपुढून वाहणारा आजचा रुंद प्रवाह मुळात माणसांनी खणलेला आहे. नदीला इथे मोठे वळण होते. सोळाव्या शतकात अयुथयाच्या राजाने जहाजांचा वळसा वाचवण्यासाठी मधून कालवा काढला, पुढे पाण्याने तोच मार्ग धरला आणि जुने पात्र अरुंद होत गेले. बँकॉक याय आणि बँकॉक नोई हे थोनबुरीचे कालवे म्हणजे ते जुने पात्र. लांब शेपटीची होडी ठरवून या कालव्यांतून एक-दोन तासांचा फेरफटका मारावा. लाकडी खांबांवर उभी असलेली घरे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि काठावरची लहान देवळे दिसतात, आणि तरंगत्या बाजारासाठी १०० किलोमीटर जाण्याची गरज उरत नाही. भाडे आणि वेळ होडीत पाऊल ठेवण्यापूर्वी ठरवून घ्यावा.

उत्तर: सावलीतले पाऊल

वरील उत्तराशी मी बराचसा सहमत आहे, पण गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रवासी बोट धक्क्याला जेमतेम क्षणभर लागते. वाहक शिटी वाजवतो, बोट वरखाली होत असते आणि तेवढ्यात मधली फट ओलांडून चढावे किंवा उतरावे लागते. माझ्या सासूबाईंना पहिल्या दिवशी ते इतके अवघड गेले की दुसऱ्या दिवशी त्या बोटीचे नावच काढू देईनात. पर्यटकांसाठीची निळ्या झेंड्याची बोट थोडी महाग असली तरी तीत बसायला जागा मिळते आणि चढउतार कमी घाईची असते. आपण तीच घ्यावी.

बोट नकोच असेल तर भुयारी रेल्वेचे सनाम चाय स्थानक आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या स्थानकात उद्वाहक आहे आणि तिथून वाट फो चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. त्यामुळे नदीकाठचे हॉटेल खर्चात बसत नसेल, तर भुयारी रेल्वेच्या एखाद्या स्थानकाजवळ राहिल्यानेही आपले काम होईल. उन्नत आणि भुयारी रेल्वेची तिकिटे वेगवेगळी असतात, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

विमानतळावरून रेल्वे स्वस्त पडते, पण ती फया थायपर्यंत नेते आणि तिथे सामानासह गाडी बदलावी लागते. चौघांना मीटरची टॅक्सीच बरी. विमानतळाच्या पहिल्या मजल्यावरील यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी. मीटरच्या आकड्यावर ५० बाट विमानतळ अधिभार आणि जलद मार्गाचा टोल वेगळा द्यावा लागतो. थायलंडचे डिजिटल आगमनपत्र १ मे २०२५ पासून सक्तीचे आहे. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.

राजवाड्याच्या भिंतीपाशी आम्हाला एक नीटनेटका, अत्यंत नम्र गृहस्थ भेटला. आज दुपारपर्यंत समारंभामुळे राजवाडा बंद आहे, तोवर टुकटुकने दुसरी मंदिरे पाहून या, असे त्याने सांगितले आणि आम्ही विश्वास ठेवला. त्या टुकटुकने आम्हाला दोन मंदिरे दाखवली आणि मग एका रत्नांच्या दुकानात नेऊन बसवले. तासाभराने परत आलो तेव्हा राजवाडा उघडाच होता आणि सकाळपासून उघडा होता. आमचे पैसे वाचले, पण सकाळची गारव्याची वेळ गेली आणि सासऱ्यांना भर उन्हात रांगेत उभे राहावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. कोणी काहीही सांगितले तरी प्रवेशद्वारापर्यंत स्वतः चालत जाऊन खात्री करावी.

उत्तर: कथाश्रोता

आपले आई-वडील रामकथा ऐकत मोठे झाले असतील, तर राजवाड्यातला सर्वांत जास्त वेळ वाट फ्रा केओ, म्हणजे पाचूच्या बुद्धाच्या मंदिराच्या, ओवऱ्यांसाठी राखून ठेवा. बहुतेक लोक पाचूच्या बुद्धाचे दर्शन घेऊन, सोनेरी स्तूपाजवळ छायाचित्रे काढून तासाभरात बाहेर पडतात. मंदिराभोवतीच्या भिंतीवर आतल्या बाजूने १७८ चित्रांत संपूर्ण रामकियन, म्हणजे थायी रामायण, रंगवलेले आहे, आणि त्याच्यासमोर थांबलेली माणसे फार थोडी दिसतात. ओवरीला छप्पर आहे, जमीन सपाट आहे, पायऱ्या थोड्या आहेत. आईंना सावलीत सावकाश चालत हे सगळे पाहता येईल. उत्तरेकडून सुरुवात करून मंदिर उजव्या हाताला ठेवत पुढे जावे, म्हणजे कथा क्रमाने येते.

ही कथा आपली आहे आणि नाहीही, आणि तीच तिची गोडी आहे. राम फ्रा राम होतो, लक्ष्मण फ्रा लक, सीता सिदा आणि रावण तोत्सकान, म्हणजे आपला दशकंठ. सिदा ही तोत्सकानचीच मुलगी आहे. हनुमान शुभ्र आहे, पण ब्रह्मचारी नाही: सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या सुवर्णमत्स्या नावाच्या मत्स्यकन्येवर, जी पुन्हा तोत्सकानचीच लेक, त्याचे मन जडते. माझ्या वडिलांनी हे ऐकल्यावर आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग एका चित्रापाशी थांबून, आपल्या देहाचाच पूल करून सैन्याला पलीकडे नेणारा हनुमान त्यांनी बराच वेळ पाहिला, आणि पुढच्या चित्रांत पात्रे ते स्वतःच ओळखू लागले. वाड्यात शिरताना द्वारपाल म्हणून उभ्या असलेल्या राक्षसांतही तोत्सकान आहे. अनेक मुखे एकावर एक रचलेला हिरवा राक्षस शोधावा.

पाचूच्या बुद्धाविषयी एवढेच सांगतो की मूर्ती अवघी ६६ सेंटिमीटर उंच आहे आणि उंच सिंहासनावर आहे, त्यामुळे छोटी दुर्बीण असल्यास न्यावी. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तीन ऋतूंप्रमाणे राजा तिची वस्त्रे बदलतो. आपण डिसेंबरात जाणार म्हणजे ती आपल्याला सोन्याच्या जाळीदार शालीत दिसेल. गाभाऱ्यात छायाचित्रे काढू देत नाहीत आणि खाली बसताना पावले मूर्तीच्या दिशेने करायची नसतात. आईंना बसता येत नसेल तर मागच्या बाजूला उभे राहून दर्शन घ्यावे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही अर्धी विजार चालत नाही. साडी चालते, पण बिनबाह्यांचे पोलके नको.

उत्तर: सात्त्विक थाळी

शाकाहाराची अडचण दिसते तेवढी मोठी नाही, पण शब्द नेमके वापरावे लागतात. भाज्यांच्या पदार्थांतही माशांचे पाणी म्हणजे नाम प्ला आणि कोळंबीची चटणी म्हणजे कापी असते, कारण तिथे त्यांना मांस समजत नाहीत. त्यामुळे ‘भाज्या घाला’ एवढे सांगून भागत नाही. ‘जे’ हा शब्द पाठ करावा. ‘किन जे’ म्हटले की मांस, मासे, अंडी, दूध, कांदा, लसूण यांपैकी काहीही नको हे समोरच्याला कळते. अशा दुकानांवर पिवळ्या कापडावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेले असते आणि ते अक्षर लांबून इंग्रजी १७ सारखे दिसते. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा निर्धास्त खावा. घरच्या चवीची आठवण झालीच तर पाहुरात हा भारतीय वस्तीचा भाग आहे. तिथे गुरुद्वाऱ्याच्या आसपास शाकाहारी जेवण मिळते, आणि रात्रंदिवस उघडा असणारा पाक ख्लोंगचा फुलबाजारही तिथून जवळच आहे.

नवप्रवासी

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. अयुथया आणि दाम्नोएन सदुआक वगळले आहेत. अयुथया सोडताना वाईट वाटले, कारण अयोध्येवरून नाव घेतलेले ते नगर पाहण्याची वडिलांची इच्छा होती. हॉटेल साथोर्न धक्क्याजवळच घेतले.

शुक्रवारी साडेआठला राजवाडा, ओवऱ्या, दुपारी विश्रांती आणि नंतर वाट फो. शनिवारी कालव्यांतून फेरी आणि सूर्यास्ताला वाट अरुण. रविवारी सकाळी वाट त्राइमितची सोन्याची मूर्ती, त्यानंतर पत्नी आणि मी चतुचकला जाऊ आणि आई-वडील हॉटेलवर थांबतील. यात काही चुकत असेल तर सांगावे.

उत्तर: काठावरून

आराखडा चांगला आहे, वडिलांची अयुथया पुढच्या खेपेला दोन दिवस काढून सावकाश दाखवा. तिकिटांसाठी राजवाड्याला माणशी ५००, वाट फोला ३०० आणि वाट अरुणला २०० बाट धरावेत. वाट फोतील ४६ मीटर लांब निजलेल्या बुद्धाच्या पायांकडे मुद्दाम वळून जा. तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हे आहेत. त्याच आवारात पारंपरिक मालिशची शाळा आहे. आईंसाठी खुर्चीत बसून होणारे पायांचे मालिश घ्यावे आणि गुडघ्यांविषयी आधीच सांगावे. वाट त्राइमितची साडेपाच टनांची मूर्ती पाहताना वडिलांना तिची हकिगत जरूर सांगा: १९५५ मध्ये हलवताना गिलावा फुटेपर्यंत ती सोन्याची आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

बदल एकच सुचवतो. वाट अरुण शनिवारी सकाळी आधी पाहा आणि तिथूनच कालव्यांच्या फेरीला निघा. ते मंदिर पश्चिम काठावर आहे, त्यामुळे सकाळचे ऊन नदीकडच्या बाजूवर थेट पडते आणि शिखरावर बसवलेले चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, त्यांतली फुले आणि रंग स्वच्छ दिसतात. शिखराच्या पायऱ्या फार उंच आहेत. आईंनी खालच्या बागेत बसावे, तिथून शिखर पूर्ण दिसते. सूर्यास्त मात्र अलीकडच्या, म्हणजे ता तिएनच्या काठावरून पाहायचा असतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य शिखरामागे उतरतो, तेव्हा साडेपाचपर्यंत तिथे पोहोचून आई-वडिलांसाठी बसायची जागा धरावी.