अल्पसंख्याक समाजातल्या सेवेचा सत्कार, नावं कशी निवडायची?

प्रश्न: शहरातल्या अल्पसंख्याक समाजात काम करणाऱ्यांचा सत्कार ठरलाय, पण नावं मागवली की तेच ते अध्यक्ष-सेक्रेटरी येतात, म्हाताऱ्यांसोबत दवाखान्यात जाऊन डॉक्टरचं बोलणं समजावून सांगणाऱ्या बायका कुणाला आठवतच नाहीत, काय करावं?

उत्तर १: फॉर्म त्यांच्या भाषेत काढा आणि तोंडी सुचवलेलं नावही घ्या. समितीत त्याच समाजातली तरुण पोरं-पोरी हवीतच, नाहीतर फोटो काढून सगळे मोकळे.

उत्तर २: एकट्याला कशाला, गटाला द्या ना. ब्रिटनमध्ये स्वयंसेवी कामाचा राजपुरस्कार 2002 पासून गटांनाच देतात, आणि स्वतःचंच नाव सुचवता येत नाही. हे बेस्ट!

प्रश्नकर्ता: पटलं, पण स्टेजवर कोण जाणार यावरून भांडणं झाली तर?

उत्तर २: सगळ्यांना चढवा, पाहुण्यांची भाषणं कापा 😄