मदत हवी आहे: ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड, उद्याच घ्यायचाय

निपाणी_क्लिक:
ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायला, चालणारा चांगला मदरबोर्ड सुचवा. बजेट १२ हजार. उद्या सकाळच्या एसटीनं बेळगावला निघालोय, आज रात्रीच सांगा. फालतू चौकशा नकोत, मॉडेल तेवढं टाका.

टिळकवाडीचा_तात्या:
प्रोसेसर कुठला? नवरी न दाखवता बांगड्यांचं माप विचारालाय तुम्ही.

निपाणी_क्लिक:
इंटेल आय५, बारावी जनरेशन. एवढं पुरे की.

एएमडीच_बरा:
इंटेल घेतलाच कशाला? एएमडीचा रायझन घ्यायचा. बी४५०, बी५५० असल्या मधल्या बोर्डावरपण ओव्हरक्लॉक होतो. माझा रायझन ५६०० मस्त चाललाय.

टिळकवाडीचा_तात्या:
त्यांनी घेऊन झालंय, तू तुझं दुकान मांडू नकोस. इंटेलचं गणित वेगळं. प्रोसेसरच्या नावात के पाहिजे आणि बोर्डाच्या नावात झेड पाहिजे, म्हणजे झेड६९० किंवा झेड७९०. बी६६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे त्याचा वेग ठरवणारा गुणक, नाही. १२ हजारात नवा झेड बोर्ड विसरा. के आहे का नावात? रॅम डीडीआर४ की ५?

खानापूर_रानवाट:
आमच्यात पावसाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही. आधी यूपीएस घ्या, मग बाकीचं.

उद्यमबाग_फोरमन:
बोर्ड हातात घेतला की सॉकेटच्या कडेला ॲल्युमिनियमचे ठोकळे आहेत का ते बघा. त्यांच्याखाली व्हीआरएम असतं, प्रोसेसरला करंट तिथूनच जातो. ठोकळे नसलेला स्वस्तातला बोर्ड लांबलचक कामाला तापतो आणि प्रोसेसरचा वेगच खाली आणतो. मग कसलं ओव्हरक्लॉकिंग!

निपाणी_क्लिक:
प्रोसेसरवरची पेस्ट पुसून बघितलं. १२४००एफ लिहिलंय. एफ म्हणजे फास्ट, असं विकणारा म्हणालेला. रॅम डीडीआर४, ३२००.

टिळकवाडीचा_तात्या:
झालं! एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. आणि के नाही म्हणजे मल्टिप्लायरला कुलूप. ३० हजाराचा बोर्ड लावला तरी उघडत नाही.

चिकोडी_जुगाडू:
उघडतं की तात्या. काही बी६६० बोर्डांवर बाहेरचा क्लॉक जनरेटर असतो, त्यावर बेस क्लॉक, म्हणजे मल्टिप्लायरनं गुणला जाणारा बोर्डाचा ठोका, वाढवून १२४००पण चढवलाय लोकांनी.

टिळकवाडीचा_तात्या:
मोजके बोर्ड, तेही महागडे, वर ठराविकच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) लागतो. हौस म्हणून कर. कामाच्या मशीनवर नको.

उद्यमबाग_फोरमन:
पण काम काय करता ते कुणी विचारलंच नाही. ग्राफिक्स कार्ड कुठलं?

निपाणी_क्लिक:
लग्नाचे व्हिडिओ. एक्सपोर्टलाच, म्हणजे तयार फाईल काढायलाच, तास जातो. तुळशीचं लग्न झालं की ऑर्डरी चालू. कार्ड जीटी १०३०.

उद्यमबाग_फोरमन:
मग दुखणं भलतीकडेच आहे. जीटी १०३० मध्ये व्हिडिओ फाईल बनवणारा एन्कोडरच नाही आणि एफमुळे प्रोसेसरमधलं तेच काम करणारं इंटेलचं क्विक सिंकपण गेलं. सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर. जमलं तर १२४००एफ देऊन साधा १२४०० घ्या, नाहीतर एन्कोडर असलेलं जीटीएक्स १६५० कार्ड बघा. बोर्ड बी६६०, डीडीआर४वाला, ठोकळे असलेला. बायोसमध्ये पॉवर लिमिट वाढवा, म्हणजे सगळे कोअर ४ गिगाहर्ट्‌झवर टिकून राहतील. नाहीतर लांब एक्सपोर्टला प्रोसेसरच्या मूळ वेगाकडे घसरतात, आणि तो फक्त २.५ गिगाहर्ट्‌झ आहे.

एएमडीच_बरा:
म्हणून म्हणत होतो, रायझन.

निपाणी_क्लिक:
विकणाऱ्याला फोन केला. डबी फोडली, परत घेत नाही म्हणतो. १६५० बघतो मग. पण एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) जुना आहे, कार्डाला लावायची सहा पिनची वायरच नाही.

टिळकवाडीचा_तात्या:
हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं, मालक?

उद्यमबाग_फोरमन:
चालतंय. सहा पिन न लागणारं १६५० पण येतं. दुकानात डब्यावर विसंबू नका, कार्ड बाहेर काढून कडेला सॉकेट आहे का बघा. आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो टाका आधी.

खानापूर_रानवाट:
यूपीएसचं काय ठरलं?