काळ्या मातीच्या परसात पत्र्याच्या शेडसाठी पाया कसा घ्यावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमचे घर बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूरच्या बाजूला आहे. मागच्या परसात 10 बाय 12 फुटांची शेड उभी करायची असून तिच्यात फवारणीचा पंप, पॉवर वीडर, भाताच्या बियाण्याची पोती आणि पावसाळ्याचे जळण ठेवायचे आहे. सांगाडा लोखंडी पाइपचा असेल आणि वर व बाजूंनी पत्रे येतील. विटांची भिंत कुठेही नाही.

अडचण मातीची आहे. ती काळी आणि चिकण असल्यामुळे वैशाखात तिला एवढ्या भेगा पडतात की विळ्याचे पाते मुठीपर्यंत आत जाते, आणि मृगाच्या पावसाने तीच माती फुगून वर येते. शेजारच्या न्हाणीघराचे दार श्रावणात चौकटीला घासते, तर उन्हाळ्यात त्याच दाराच्या वरच्या कोपऱ्यातून उजेड दिसतो.

जांबोटीकडचे माझे मामा म्हणतात की जांभ्या चिऱ्यांचा एक थर मांडून आत कोबा केला की पुरे. त्यांच्या तांबड्या जमिनीत ते चालते, हे मी पाहिले आहे. बैलहोंगलकडचे आमचे गवंडी मात्र चार कोपऱ्यांना चार फूट खोल फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) घेऊन मधला कोबा थेट मातीवर टाकायला सांगतात. एवढ्या हलक्या शेडला इतका खर्च करावा का, काळी माती किती खोल काढावी आणि कोब्यात सळई लागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. जागेच्या एका बाजूला सात-आठ फुटांवर आंब्याचे झाड आहे आणि दुसऱ्या बाजूने मोरीचे पाणी वाहते.

प्रतिसाद:

शेड हलकी आहे म्हणून पाया कसाही चालेल, असे काळ्या मातीत धरून चालू नये. जड इमारतीचे वजन फुगणाऱ्या मातीला थोडेफार दाबून धरते. हलक्या बांधकामाला ती सहज उचलते. तरीही फुटिंग आणि मातीवरचा कोबा असा मेळ मी टाळेन, कारण दोन्ही वेगवेगळे हलतील आणि सांध्यावर तडा जाईल. पत्र्याची शेड थोडी हालचाल सोसते, म्हणून सगळी शेड एकाच सलग काँक्रीटच्या पाटावर उभी करावी.

त्यासाठी शेडच्या चारही बाजूंना दोन-दोन फूट जास्त, म्हणजे 14 बाय 16 फुटांची जागा अडीच फूट खोल खणून मुरूम भरावा. हा खड्डा 560 घनफुटांचा होतो, आणि धुमसल्यावर मुरूम खाली बसत असल्याने नुसत्या खड्ड्यालाच साधारण सात ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मागवावा लागेल. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकून, पाणी मारून प्रत्येक थर धुमसावा. मुरुमाऐवजी नुसती वाळू भरू नये. वाळूतून पाणी खाली झिरपते आणि काळ्या मातीच्या त्या खड्ड्यात हौदासारखे साचून राहते. मुरुमाचा भराव जमिनीच्या वर किमान नऊ इंच उचलून त्यावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरावा, म्हणजे बियाण्याच्या पोत्यांना ओल लागणार नाही. वर पाच इंच जाडीचा एम 20 दर्जाच्या (मजबुतीच्या) काँक्रीटचा पाट टाकावा. त्यात 8 मि.मी. सळईची आठ-आठ इंचांवर दोन्ही दिशांनी जाळी हवी. कडांना पाट फूटभर जाड करून खांबांच्या बेस प्लेटचे (बुडाच्या लोखंडी पट्टीचे) बोल्ट तिथेच पुरावेत, कारण वळवाच्या वाऱ्यात पत्र्याची शेड वर उचलली जाते. पाट किमान दहा दिवस ओला ठेवावा.

मात्र हे सगळे करण्याआधी आंबा आणि मोरी यांचा विचार करा. एका कोपऱ्यातली माती बारमाही ओली आणि दुसऱ्या बाजूची झाडाने शोषून कोरडी, अशा जागी पाट तिरका होतोच. मोरीचे पाणी पाइपने लांब न्यावे, शेड आंब्यापासून जमेल तेवढी दूर सरकवावी, आणि पत्र्याला पन्हळ लावून तिचे पाणी भरावाच्या पलीकडे सोडावे. काम वैशाखात काढू नका. त्या वेळी माती पूर्ण आटलेली असते आणि पुढच्याच पावसात ती सगळ्यात जास्त फुगते. सुगी उरकल्यावर, मार्गशीर्षाच्या सुमारास, मातीत थोडी ओल असतानाच खणायला घ्या.